तळ्याकडचे ठोके

४ जानेवारी

लेकीने शहरातून ही दैनंदिनी पाठवलीय आणि वर निरोप, की आई, बाबांवर ओरडायचं ते यात लिही, त्यांच्या कानांना जरा सुटी मिळेल. घ्या. चाळीस वर्षं ओरडतेय, त्या माणसाच्या कानात काही शिरलंय असं मला तरी आठवत नाही.

थंडी या वर्षी चवताळलीय. प्रोकोपीच्या भिंतीवरच्या थर्मामीटरची लाल रेघ उणे छप्पन्नाच्या खाली जाऊन बसलीय आणि गावावर धुकं बसलंय. हे धुकं आभाळातून येत नाही. आमच्याच सात-आठ धुराड्यांचं, गुरांचं, आमच्याच श्वासांचं ते असतं. थंडी त्याला वर जाऊ देत नाही. भर दुपारी हात लांब केला तर स्वतःची बोटं पुसट दिसतात.

नवऱ्याने, मीतरेयने, आज गुरांच्या पाण्यासाठी तळ्याच्या बर्फातलं भोक फोडलं. पहार तो मारतोय हे मी घरात बसून ओळखते. दोन घाव दणदणीत आणि तिसरा मेलेला. डावा खांदा घोड्याने मोडला तेव्हापासून तिसऱ्या घावाला त्याचा जीव जातो. मी म्हटलं, प्रोकोपीला सांग की. तर म्हणतो, प्रोकोपी गावचा प्रमुख आहे, त्याने पहार धरली तर त्याच्या टोपीचा अपमान होईल.

गवत संपत आलंय. दोन गायी गाभण आहेत. कुरुंगच्या कुरणावर आमचं गवत रचून ठेवलंय, ते आणल्याशिवाय महिना निघायचा नाही. ट्रॅक्टर घेऊन जातो म्हणतोय. या थंडीत. साठीचा माणूस.

७ जानेवारी

आजपासून पाण्यातल्यांचे दिवस. एकोणीस तारखेपर्यंत ते बर्फाच्या भोकातून वर येतात आणि माणसांमध्ये हिंडतात, असं आपलं म्हणतात. बालबारा सकाळीच येऊन ठाकली. ही मीतरेयची आत्या. ऐंशी पार केली, पण जिभेची धार गेलेली नाही. पिण्याचा बर्फ अंगणात रचलाय का बघितलं, भोकावर कातडं टाकलंय का विचारलं, आणि दरवर्षी बजावते तेच पुन्हा बजावलं. अंधार पडल्यावर भोकाकडे जायचं नाही. तळ्याकडून कुणी हाक मारली, कुणी काही वाजवलं, तर ओ द्यायची नाही. ओ दिली की ते आपला आवाज शिकतात.

मीतरेय चहा पीत म्हणाला, "आत्या, त्यांना या थंडीत बाहेर यायची एवढी हौस असेल तर पाठव माझ्याबरोबर गवत भरायला."

बालबाराने त्याच्या हातातली लोणी लावलेली भाकरी ओढून घेतली, अर्धी चुलीत टाकली आणि अग्नीची माफी मागितली. उरलेली अर्धी त्याला परत दिली. तो हसत होता.

मी हे मानते का? मानत नाही आणि मोडतही नाही. आई करायची ते मी करते.

जाऊ नकोस म्हटलं त्याला. एकोणीसनंतर जा. तर म्हणे, "तोवर गायी काय खातील? तुझी दैनंदिनी?"

९ जानेवारी

काल गेला. कुरुंगला मुक्काम करून आज दुपारी गवत घेऊन यायचा होता. आला नाही.

कुणी बाहेर असेल आणि धुकं असेल तर घरच्यांनी पाइप वाजवायचा, ही आमच्याकडची रीत. प्रत्येक अंगणात खांबाला लोखंडी पाइपाचा जाड तुकडा टांगलेला असतो. हातोडीने ठोकत राहायचं, म्हणजे येणाऱ्याला घर कुठे आहे ते कळतं. मी ठोकतेय. थोडं ठोकते, आत येऊन हात शेकते, परत जाते. बाहेर उभं राहिलं की स्वतःचा श्वास गोठून कानाशी सळसळतो, पीठ चाळावं तसा. दुसरा आवाज नाही.

आमच्याकडे कुणाच्याच दाराला आतून कडी नसते. गोठत आलेल्याला दाराबाहेर थांबवण्यासारखं पाप नाही. तरी आज मी दोनदा जाऊन दार नीट उघडतंय ना ते बघितलं.

मेला वाटेत गप्पा हाणत बसला असेल कुणाकडे. तसंच असू दे.

१० जानेवारी

प्रोकोपीने रेडिओवरून कुरुंगला विचारलं. तिकडचे म्हणाले, मीतरेय गवत लादून काल सकाळीच निघाला.

 प्रोकोपी दोघांना घेऊन ट्रकने शोधायला गेला. कुरुंगचा रस्ता रानातून येतो आणि मग तळ्याला मोठा वळसा घालून गावात शिरतो. ते वळशावरून गेले, रानात शिरले, आणि तिथे थंडीने ट्रकचं टायर तडकलं. कसेबसे परतले. ट्रॅक्टर दिसला नाही. रस्ता दगडासारखा झालाय, त्यावर चाकांच्या खुणाही उमटत नाहीत. प्रोकोपी म्हणाला, "काकी, रानात शिकाऱ्यांची झोपडी आहे. चूल आहे, लाकडं आहेत. काका तिथे पाय पसरून बसले असतील. त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा अक्कल जास्त."

असेलच झोपडीत. गवत आहे, भाकरी आहे, अंगात लांडग्याच्या कातड्याचा कोट आहे.

दुपारी पाइप ठोकताना एक झालं. मी थांबले आणि माझ्यानंतर कुणीतरी ठोकलं. लोखंडावर लोखंड. मला आधी वाटलं शेजारचं कुणी मदतीला आलं. पण आवाज शेजारून नव्हता, तळ्याकडून होता. तळ्याच्या पार पलीकडच्या अंगाला झऱ्याचं तोंड आहे, तिथे बर्फावर पाणी चढतं, वाफ धरते. तिकडे हिवाळ्यात कुत्रं जात नाही.

मी ठोकलं. तिकडून ठोकलं. मी परत ठोकलं. परत तिकडून.

हातोडी तिथेच टाकून मी बालबाराकडे पळाले.

११ जानेवारी

बालबारा काल ऐकायला आली. खांबाला धरून उभी राहिली आणि ऐकताना तिचा चेहरा राखेसारखा झाला. मग मला आत ओढलं.

तिने सांगितलं ते असं. ती लहान असताना तिचा बाप याच दिवसांत घोड्याच्या गाडीने यायचा होता. आई लोखंड वाजवत होती आणि तळ्याकडून कुणीतरी उत्तर देत होतं. आईला वाटलं बापच आहे, म्हणून ती वाजवत राहिली. बाप रस्त्यावरून येतच होता, गावाच्या जवळ आला होता. त्याला दोन आवाज आले आणि तो चुकीच्या आवाजामागे गेला. घोडा, गाडी, बाप, कुणीच मिळालं नाही. भोकाच्या काठावर चाबूक मिळाला.

"तू वाजवतेस म्हणून ते वाजवतात," ती म्हणाली. "तू त्यांना शिकवतेयस, ओग्दो. आज मीतरेय झोपडीतून निघाला तर तो कुणाच्या आवाजावर येईल? हातोडी इकडे दे."

मी प्रोकोपीला विचारलं. तो पक्षाचा माणूस, असलं काही मानत नाही. म्हणाला, प्रतिध्वनी असेल काकी, थंडीत आवाज कुठून कुठे जातो. मी म्हटलं, मग चल, तळ्यापर्यंत जाऊन बघू. तर म्हणे, पाणी चढलेल्या बर्फावर या धुक्यात माणूस नेणं त्याच्या जबाबदारीत बसत नाही. तोही खिडकीपासून लांब बसला होता.

मी हातोडी दिली बालबाराला. मीतरेयच्या जिवासाठी दिली.

तिकडचे ठोके थांबले नाहीत. उलट वाढले. घाईघाईने, एकावर एक, कुणी हाका माराव्यात तसे. मी कानात लोकर घातली आणि गोठ्यात जाऊन गायींच्या मधे बसले. लाल गाय तळ्याच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून हंबरत होती. तिच्या कानात कोण लोकर घालणार?

१२ जानेवारी

आज बरं आहे. ठोके कमी झाले. मधेच येतात, मग बराच वेळ काही नाही. बालबारा म्हणते, ओ मिळाली नाही की ते कंटाळतात आणि खाली जातात. माझा जीव जरा भांड्यात पडला. काल चहाशिवाय काही पोटात गेलं नव्हतं, आज गोठवलेल्या माशाचे काप खाल्ले, ताटलीत गोठवलेलं दूध वितळवून प्यायले. झोपही लागली.

अंगणात गवत जळल्याचा वास येतोय. बालबाराच उतारा म्हणून काहीतरी जाळत असेल. या दिवसांत गवत जाळायला जीव कसा होतो माणसाचा?

एक गोष्ट लिहू की नको. लिहिते. आज दुपारी जे ठोके आले ते दोन जोरात होते आणि तिसरा मेलेला. परत दोन आणि तिसरा मेलेला. त्याचा खांदासुद्धा शिकले ते. मला असा संताप आला की दारात उभी राहून मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझ्या नवऱ्याची नक्कल करता? त्याचं दुखणंही सोडलं नाहीत?

त्यानंतर आणखी एकदा झालं, अगदी हळू. मग नाही.

१३ जानेवारी

सकाळपासून शांत आहे. मला आनंद व्हायला हवा.

बालबाराला विचारलं, काल काय जाळत होतात आत्याबाई? ती म्हणाली, काही नाही. गावात कुणीच गवत जाळलं नाही. कोण जाळेल?

आणि दुसरं. ते शिकतात ते ओ देणाऱ्याकडून. म्हणजे माझ्याकडून शिकले असते. मी तर सगळे ठोके एकसारखे मारते, मीतरेय त्यावरून हसतो मला, म्हणतो घड्याळ बांधलंय खांबाला. तिसरा मेलेला ठोका त्यांना शिकवला कुणी?

देवा.

मी जातेय. लेकी, हे तू कधी वाचलंस तर मी तळ्यावर गेलेय.

१६ जानेवारी

मीतरेय घरात आहे. जिवंत आहे. आधी हे लिहून टाकते.

त्या दिवशी मी प्रोकोपीच्या घरात शिरले आणि त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. म्हटलं, येतोस की नाही. माझ्या तोंडाकडे बघून तो उठला. घोडा जोडला, घसरगाडीवर कातडी टाकली, दोर घेतला. अंगणात बालबारा उभी होती. मला वाटलं अडवेल. तिने कोटातून माझी हातोडी काढली.

"तुम्हाला परत यायला आवाज लागेल," ती म्हणाली. "मी वाजवते. जे काही शिकायचंय ते माझ्याकडून शिकू दे त्यांना."

आम्ही बर्फावर उतरलो. दहा पावलांत गाव पुसलं गेलं. घोड्याचे कान दिसत होते, त्यापुढे पांढरं. मागे बालबाराचा पाइप. मी हाका मारल्या, तर हाक तोंडासमोरच पडते तिथे, लांब जात नाही. प्रोकोपी पुढे होऊन काठीने बर्फ चाचपत होता आणि आपण कुठे चाललोय हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. झऱ्याचं तोंड कुठे राहिलं, डावीकडे की उजवीकडे, काही सांगता येईना. तो म्हणाला, काकी, इथून पुढे गेलो तर घोडाही बर्फाखाली जाईल. मी म्हटलं, तू थांब, मी जाते.

तेवढ्यात समोरून ठोके आले. दोन जोरात, तिसरा मेलेला.

मी पळत सुटले. ठोके समोरून येत राहिले, जरा उजवीकडे वळले, तशी मी वळले. आणि धुक्यातून ट्रॅक्टर निघाला. चाकं अर्धी बर्फात. चढलेल्या पाण्यात तो अडकला आणि पाणी त्याच्याभोवती गोठून गेलं. मागच्या गाडीतलं निम्मं गवत जळून काळं झालं होतं. चाकाशी त्याची पहार आडवी पडली होती, निम्मी बर्फात रुतलेली. गवत फोडायला घ्यावी म्हणून मी ओढली तर हलेना. मग मी हातांनीच गवत उपसलं.

आत तो होता. पापण्या चिकटलेल्या, दाढीचा बर्फाचा गोळा झालेला. मी तोंडाच्या वाफेने त्याचे डोळे सोडवले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या हळू बोलला की मला कान लावावा लागला.

"आलीस? मला वाटलं, तूच वाट चुकलीस."

मी म्हटलं, मी कशाला चुकेन.

"तुझा पाइप बंद झाला ना. वाटलं, मला शोधायला बाहेर पडली आणि धुक्यात हरवली. म्हणून ठोकत राहिलो. तुला घर सापडावं म्हणून."

 मी गायींच्या मधे कानात लोकर घालून बसले होते. मी त्याला कोटात गुंडाळलं आणि रडले. डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठत होतं, तरी रडले. प्रोकोपीने त्याला लहान मुलासारखं उचलून गाडीवर ठेवलं. बालबाराच्या आवाजावर आम्ही घरी आलो. तिच्या तळहाताची कातडी हातोडीला चिकटून निघाली होती.

शेजारच्या गावातून दवाखान्यातली बाई आली. डाव्या पायाची बोटं गेली. बाकी माणूस राहिला.

१७ जानेवारी

आज तो नीट बोलला. रानातून बाहेर पडला तेव्हा धुक्यात रस्ता दिसेना. माझा पाइप ऐकू आला. वळसा कशाला घ्यायचा, म्हणून सरळ आवाजावर ट्रॅक्टर घातला, तळ्यावरून. झऱ्याशी चाकं रुतली, उतरताना पाय भिजला आणि चालवेना; दुसऱ्या दिवशी पहारीने ट्रॅक्टर ठोकायला लागला. म्हणजे त्याला तिथे नेलं मीच, आणि सोडलंही मीच. हे त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "बरं झालं, आता आयुष्यभर गप्प राहशील." मग माझा हात धरून ठेवला.

मी विचारलं, बोटं गोठली होती, तरी तेरा तारखेला पहार कशी उचललीस? आम्ही तुझ्या ठोक्यांवरच तर आलो.

तो म्हणाला, नाही. पहार बारा तारखेच्या संध्याकाळीच हातून सुटून खाली पडली. उतरून उचलायची ताकद नव्हती. तेराला त्याने काहीच ठोकलं नाही. गवतात पडून तो ऐकत होता फक्त. त्याला वाटत होतं आम्हीच ठोकत जवळ जवळ येतोय.

प्रोकोपीला बोलावून विचारलं. त्यानेही समोरून आलेले ठोके ऐकले होते. दोन आणि एक. टोपी हातात फिरवत म्हणाला, प्रतिध्वनी असेल. बालबारा तर एकसारखं ठोकत होती, मी म्हटलं. तो चहा न पिताच गेला.

पहार रुतलेली मी स्वतः पाहिली. ओढून पाहिली.

१९ जानेवारी

आज पाण्यातल्यांचा शेवटचा दिवस. काल प्रोकोपीने बर्फ फोडून ट्रॅक्टर मोकळा केला आणि पहार आणून दिली. सकाळी मी लोण्याच्या पोळ्या केल्या, पहिली अग्नीला दिली आणि बाकीच्या कापडात बांधून तळ्यावर गेले. भोकावरचं कातडं उचललं, पोळ्या काठावर ठेवल्या. ज्याने कुणी मला रस्ता दाखवला त्याला मी मनापासून हात जोडले. बालबाराला सांगितलं नाही. तिने पोळ्यांचा वास घेतला असणार, पण विचारलं नाही.

सगळं गाव घरात आहे. आज कुणी बाहेर नाही, कुणाचा पाइप वाजायचं कारण नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा मी मीतरेयच्या उशाशी बसून पायाची पट्टी बदलत होते. तळ्याकडून ठोके आले. एकसारखे. खांबाला घड्याळ बांधल्यासारखे.

मीतरेयने डोळे उघडले. "ओग्दो ठोकतेय," म्हणाला, आणि अंगावरचं पांघरूण बाजूला करून पाय खाली टाकू लागला. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं. म्हटलं, अरे, मी इथे आहे. ही बघ. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"मग ती कोण?"

मी त्याला झोपवलं, कोट आणि बूट गोठ्यात नेऊन लपवले. या घराच्या दाराला कडी नाही, कधी नव्हतीच. मी पहार दाराच्या मुठीतून आडवी सरकवली आणि दार आतून बंद केलं. अजून ठोके चालू आहेत. मधेमधे थांबतात, कुणी उत्तराची वाट बघावी तसे.

मीतरेय दर थोड्या वेळाने विचारतो, "तू आत आहेस ना?"

मी आहे म्हणते. तो बरं म्हणतो, आणि परत विचारतो.